धुराड्याचा घाम

सेंदाईला शिकायला गेले तेव्हा जपानी भाषेतला एकच शब्द मला पूर्ण विश्वासाने बोलता येत होता: दाइज्योबु. ठीक आहे, चालेल, काळजी नको, पुरे, मला नको, या सगळ्याला तो एकटा पुरायचा. आणखी भात वाढू का? दाइज्योबु. सायकल घसरली, लागलं का? दाइज्योबु. पुढे माझं जपानी बरंच सुधारलं, पण त्या पहिल्या हिवाळ्यात मी हा शब्द एकदा नको तिथे वापरला आणि त्यामुळे एका बाईंचं घर बंद व्हायची वेळ आली. त्याबद्दल लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी तिथल्या विद्यापीठात उष्णतेवर संशोधन करत होते. गरम वायूतली उष्णता जास्तीत जास्त पाण्यात कशी उतरवायची, एवढाच माझा विषय. माझ्याबरोबर शिकलेले बहुतेक जण त्या वर्षांत कॉम्प्युटरकडे वळले होते. वर्गातली एक मैत्रीण टोकियोतल्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरवर काम करायची आणि टोकियोजवळ ग्योतोकुला राहायची. तिचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गं बंब, तापलीस का?" कॉलेजात मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. माझे वडील तांबट आहेत, आंघोळीच्या पाण्याचे बंब घडवतात, हे तिच्याच तोंडून वर्गाला कळलं, आणि तेव्हापासून मी बंब झाले. सेंदाईत मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. विद्यापीठाच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'धातू उद्योग' असं लिहिलं होतं. ते खोटं नव्हतं. पण लिहिताना मी आजूबाजूला बघितलं होतं, हे अजून आठवतं.

राहायला मी एका जुन्या दुमजली घरात होते. एक सत्तरीच्या बाई आम्हा चार मुलींना खोल्या, सकाळ-संध्याकाळचं जेवण आणि रोजची आंघोळ द्यायच्या. सगळ्या त्यांना ओबासान म्हणायच्या, म्हणजे मावशी. माझं नाव त्यांच्या जिभेवर बसेना, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला इंदो-सान करून टाकलं. घराच्या मागच्या भिंतीला लागून विटांचं उंच धुराडं होतं. पूर्वी न्हाणीघराखाली लाकूड जळायचं, नंतर रॉकेलचा बॉयलर आला, पण धुराडं तेच राहिलं. ते माझ्या खोलीच्या भिंतीमागून वर जायचं. ओबासाननी खोली दाखवतानाच सांगितलं होतं, "ही खोली लहान आहे, पण हिवाळ्यात भिंत गरम असते. उष्ण देशातल्या माणसाला हीच बरी."

नोव्हेंबरच्या शेवटी जुना बॉयलर बंद पडला. ओबासानच्या ओळखीचे एक वयस्कर मिस्त्री नवा घेऊन आले. तो नुकत्याच निघालेल्या जातीचा होता. साधा बॉयलर पाणी तापवून गरम धूर बाहेर सोडून देतो. हा त्या धुरातली उरलेली उष्णताही काढून घ्यायचा. धूर इतका निवायचा की त्यातल्या वाफेचं बॉयलरच्या आतच पाणी व्हायचं, आणि ते एका बारीक नळीतून बाहेर यायचं. मिस्त्रींनी त्या नळीच्या तोंडाशी पांढऱ्या खड्यांची एक डबी बसवली आणि मला समजावलं, "हे पाणी आंबट असतं. या खड्यांवरून गेलं की मऊ होतं, मग गटारात सोडायचं." मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं. हे सगळं मला आधीपासूनच येत होतं.

धुराड्याला जोडण्याआधी मिस्त्रींनी बॉयलर थोडा वेळ तसाच चालवून बघितला. धुराच्या नळीचं तोंड उघडंच होतं. मी पुढे झाले आणि त्यावर हात धरला.

हे मी अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, शिकले होते. बंब म्हणजे तांब्याचं उभं पिंप, त्याच्या मधोमध एक नळी. नळीत ढलप्या आणि करवंट्या जळतात, नळीभोवती पाणी तापतं, आणि धूर वरून निघून जातो. नवा बंब झाला की अण्णा अंगणात पेटवायचे, आणि लहानपणी माझा हात धरून नळीच्या तोंडाच्या वीतभर वर न्यायचे. "पोळतंय?" "हो." "मग नळी बारीक करायला पाहिजे. लाकूड आपण पाण्यासाठी जाळतो, आभाळासाठी नाही." हात पोळला नाही की बंब गिऱ्हाइकाच्या घरी जायचा. त्यांच्याकडे दुसरं मोजमाप नव्हतं.

तर मी त्या नळीवर हात धरला, आणि धूर कोमट होता. कुणी तळहातावर फुंकर घालावी इतका कोमट. अण्णांना हे दाखवायला हवं होतं, असं वाटून मला एकदम भरून आलं.

मिस्त्री म्हणाले, "इतका थंड धूर जुन्या धुराड्यात सोडायचा म्हणजे आतून पाइप घालावा लागेल. छतापर्यंत. पण त्याला छतापर्यंत परांची बांधावी लागते, चार-पाच दिवस आंघोळ बंद राहील."

भिंतीतून बाहेर धूर सोडायला जागा नव्हती, कारण शेजारच्यांची खिडकी हाताच्या अंतरावर होती. आणि बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. ओबासान आधी आम्हा मुलींकडे आणि मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इंदो-सान विद्यापीठात हेच शिकतात ना? तुम्हाला काय वाटतं, पाइप हवाच का?"

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मी काहीतरी शिकले आहे म्हणून एका घराने माझं मत विचारायची ती पहिलीच वेळ. हात अजून कोमट होता. मी म्हणाले, "दाइज्योबु. धूर गार आहे. गार धूर चांगला. विटांना काही होणार नाही."

मिस्त्रींनी दातांमधून हवा आत ओढली, लांब, सीऽऽ अशी. मग म्हणाले, "सेन्सेई म्हणत असतील तर तसं करू."

सेन्सेई म्हणजे गुरुजी. मी त्या शब्दाने इतकी सुखावले की त्या सीऽऽकडे माझं लक्षच गेलं नाही. जपानमध्ये माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही, दातांतून अशी हवा ओढतो, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. धुराडं तसंच जोडलं गेलं.

पहिले काही आठवडे सगळं छान चाललं. रॉकेल कमी लागतं म्हणून ओबासान खूश होत्या. माझ्या खोलीची भिंत मात्र गार पडली होती. मी तसं एकदा जेवताना बोलले, तर त्यांनी गरम पाण्याची पिशवी आणून दिली. भिंत गार का झाली, याचा विचार मी केला नाही.

जानेवारीत भिंतीवर डाग आला. खोलीत गाद्या ठेवायचं कपाट होतं. त्याच्या मागच्या बाजूला, छताजवळ, चहा सांडावा तसा तपकिरी ओघळ दिसला. आठवड्याने तो हातभर खाली आला आणि गादीला ओल लागली. ओबासान स्टुलावर चढून बराच वेळ बघत राहिल्या. मग खाली उतरून शांतपणे म्हणाल्या, "छप्पर गेलं."

त्यांचा मुलगा टोकियोत नोकरी करायचा. दोन वर्षं तो म्हणत होता की आता पुरे, घर विकू, आमच्याकडे चल. त्या म्हणायच्या, छप्पर धड आहे तोवर मुली ठेवेन. हा त्यांच्यातला करार होता. म्हणून त्यांनी त्याला फोन केला. पुढच्या रविवारी तो येऊन बघणार होता, आणि छप्पर खरंच गेलं असेल तर एप्रिलपासून नव्या मुली घ्यायच्या नाहीत, असं ठरलं. दरवर्षी त्या सुमाराला ओबासान दाराला 'खोली आहे' अशी हाताने लिहिलेली पाटी लावायच्या. ती पाटी लिहायला घेतलेला कागद दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर वाटाणे सोलले.

मी मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "घर बंद झालं तर ये इकडे. ग्योतोकुला सगळे आपलेच आहेत, इडलीचं पीठसुद्धा मिळतं. आणि बॉयलर सोड आता, बंब. जावा शीक."

मी हसले, पण फोन ठेवल्यावर कपाट उघडून बसले. ओघळाला वास येत होता, आंबट आणि जळका. बर्फाच्या पाण्याला असा वास येत नाही. आणि तेव्हा मला ती पांढऱ्या खड्यांची डबी आठवली. मिस्त्री म्हणाले होते, हे पाणी आंबट असतं.

वायू अमुक इतका गार झाला की त्यातल्या वाफेचं पाणी होतं, हे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात शिकवतात. परीक्षेत मी ते उदाहरण न चुकता सोडवलं होतं. पण त्या दिवशी न्हाणीघराच्या मागे उभी असताना मी अण्णांची मुलगी होते, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी नव्हते. मग अण्णा चुकीचे होते का? मला ते मान्य होईना. त्यांच्या हाताने घडवलेले बंब तीस-तीस वर्षं चालले होते.

गुरुवारी दुपारी फोन कार्ड घेऊन मी घरी फोन लावला. अण्णांचं दुकान तोवर जवळजवळ बंदच झालं होतं. लोक बंब घ्यायचे ते दिवाणखान्यात झाड लावायला.

"अण्णा, बंबाचा धूर गार निघाला तर चांगलं ना?"

"अगं, हे विचारायला जपानहून फोन केलास? दर किती आहे मिनिटाला?"

"असू दे. सांगा ना."

"चांगलंच. का?"

मी सगळं सांगितलं. धुराडं दोन मजली आहे असं म्हटल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"आतून कशाचं आहे?"

"विटांचं."

"मग घाम कुठे जातो?"

"घाम म्हणजे?"

"सकाळी थंड पाणी भरून बंब पेटवला की नळीला आतून घाम फुटतो, हे तू बघितलंयस. काळं पाणी टपटप खाली पडतं. राख ओली होते. आठवतं?"

मला आठवलं. आई ओली राख भांड्यांना घ्यायची.

"तो धुराचाच घाम. धूर जितका गार तितका घाम जास्त. आपल्याकडे नळी तांब्याची, वीतभर बाहेर. घाम खाली राखेत पडतो, विषय संपला. तांबं घाम सोसतं. वीट पिते. तुझ्या बाईंच्या विटा दीड-दोन महिने पितायत, आता भिंतीतून ओकतायत."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू विचारलं नाहीस. तुला फक्त हात धरायला आवडायचं." मग म्हणाले, "बाईंना खरं काय ते सांग. छपराचं नाव खराब होऊ देऊ नकोस. छप्पर घालणाऱ्याचंही काही नाव असतं."

संध्याकाळी भांडी आवरून झाल्यावर मी ओबासानसमोर गुडघे टेकून बसले. घाम या अर्थाचा जपानी शब्द मला येत होता, आसे. उन्हाळ्यात तो सारखाच कानावर पडायचा. 'वाफेचं पाणी होणं' याला पुस्तकात जड शब्द होता, तो मला नीट उच्चारता येत नव्हता. मी म्हणाले, "ओबासान, छप्पर ठीक आहे. धुराड्याला घाम येतोय."

मला वाटलं, त्या हसतील. त्या म्हणाल्या, "धुराड्यालाही येतो का? आमच्या पाण्याच्या नळाला पावसाळ्यात येतो."

भाषा जुळली म्हणून मला धीर आला. पुढचं वाक्य मी दुपारपासून मनात तयार केलं होतं. "पाइप नको असं मी म्हटलं होतं. ते चुकीचं होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी दाइज्योबु म्हणाले."

त्यांनी विचारलं, "माहीत नव्हतं, तर इतक्या खात्रीने कसं सांगितलंत?"

मी अण्णांबद्दल सांगितलं. तांब्याचा बंब, मधली नळी, वर धरलेला हात. फॉर्मवर मी काय लिहिलं होतं तेसुद्धा सांगितलं, का ते मलाही माहीत नाही. त्यांनी बंबाचं चित्र काढायला लावलं. वाटाण्यांच्या डागांच्या त्याच कागदावर मी ते काढलं. त्या चष्मा लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वडिलांचं बरोबर होतं. तुम्ही त्यांचं अर्धंच ऐकलंत. रविवारी मुलगा येईल, त्याला पूर्ण सांगा."

रविवारी मुलगा आला तो छपराचं काम करणाऱ्याचा फोन नंबर खिशात घेऊनच. मी मिस्त्रींनाही बोलावलं होतं. माझ्या प्राध्यापकांना विचारून प्रयोगशाळेतून तापमान मोजायची लांब तार आणि लिटमसचे कागद आणले होते. या वेळी मी जे सांगणार होते ते आधी सगळ्यांसमोर तपासणार होते.

धुराड्याच्या तळाला काजळी काढायचं लोखंडी दार होतं. मिस्त्रींनी ते उघडलं. आत कोरडी काजळी असायला हवी होती, तिथे काळा चिखल होता. विटांमधला चुना बोट लावताच ओल्या वाळूसारखा निघाला. मी लिटमसचा निळा कागद चिखलाला टेकवला, तो लाल झाला. दुसरा छतावरून आणलेल्या वितळलेल्या बर्फात बुडवला, तो निळाच राहिला.

"छपरातून आलं असतं तर दोन्ही सारखे दिसले असते," मी म्हणाले.

मुलाने ओबासानकडे बघितलं. त्या वाकून दारापाशी वास घेत होत्या. "सुप्पाई," त्या म्हणाल्या. आंबट. "उमेबोशीच्या लोणच्यासारखं. बर्फाला असा वास येतो का रे?"

मग मिस्त्री शिडीने वर चढले आणि तार वरून आत सोडली. बॉयलरपाशी धूर चाळीस अंशांच्या आसपास होता. छतापाशी पोचेपर्यंत तो पंचवीसवरही उरत नव्हता. थंड विटांच्या दोन मजल्यांत त्याचा सगळा घाम गळून जात होता, आणि तो विटा पीत होत्या. जुन्या बॉयलरचा धूर इतका गरम असायचा की वर पोचला तरी त्याला घाम फुटत नसे. म्हणून तर माझी भिंत उबदार होती. ती ऊब म्हणजे वाया जाणारं रॉकेल होतं, हे सांगताना मला थोडं वाईट वाटलं.

मुलगा म्हणाला, "म्हणजे नवा बॉयलर काढून जुन्यासारखा बसवायचा?"

"नाही," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "बॉयलर चांगला आहे. धूर गारच हवा. त्याला फक्त स्वतःची नळी द्यायची, जी घाम पीत नाही. विटांच्या आत पाइप घालायचा, बॉयलरपासून छतापर्यंत, मध्ये कुठेही फट न ठेवता. आणि खाली घामाला वाट काढून द्यायची. छप्पर धड आहे."

मिस्त्रींनी या वेळी हवा ओढली नाही. "सेन्सेईंचं बरोबर आहे," ते म्हणाले, "पहिल्या दिवशी मीच जोर धरायला हवा होता." मी म्हणाले, मला सेन्सेई म्हणू नका. ते म्हणाले, "मग तांबट-सान म्हणू?" ओबासाननी त्यांना चित्र दाखवलेलं होतं.

मुलगा छतावर चढला आणि एकेक कौल हलवून आला. खाली उतरून हात झटकत आईला म्हणाला, "अजून धड आहे." एवढंच. करार त्यालाही माहीत होता.

फेब्रुवारीत परांची बांधली गेली. पाच दिवस आम्ही चौघी टॉवेल आणि साबण घेऊन गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक स्नानगृहात जात होतो. बाकीच्या तिघी कुरकुरल्या, तर ओबासान म्हणाल्या, "इंदो-सानला बोला, तिने दाइज्योबु म्हटलं होतं." त्या वर्षी मला तो शब्द वापरायची चोरी झाली. कुणी आणखी भात हवा का विचारलं, तरी मी पूर्ण वाक्य बोलायचे.

चकचकीत स्टीलचा पाइप धुराड्याच्या आतून वर गेला, वरच्या टोकाला टोपी बसली, खाली काजळीच्या दारातून एक बारीक नळी बाहेर आली आणि पांढऱ्या खड्यांच्या दुसऱ्या डबीत सोडली गेली. बॉयलर सुरू केल्यावर आम्ही सगळे तिथे उभे होतो. काही मिनिटांनी नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला आणि खड्यांवर पडला. मग दुसरा पडला. मी अण्णांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "आता हात धर वर." मी सांगितलं, टोक छतावर आहे, हात पोचत नाही. ते म्हणाले, "मग थेंब मोज. जितके थेंब, तितकं लाकूड वाचलं."

ओघळ हळूहळू वाळला. डाग मात्र फिकट होऊन राहिला, तो मी पुसू दिला नाही. विद्यापीठात पुढच्या वर्षाचा फॉर्म भरताना वडिलांच्या व्यवसायापुढे मी 'तांबट' असं देवनागरीत लिहिलं आणि खाली जपानीत समजावलं. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, म्हणजे नेमकं काय? मी म्हटलं, बॉयलर बनवतात.

मार्चमध्ये दाराला पाटी लागली. एप्रिलमध्ये दोन नव्या मुली राहायला आल्या. ओबासान त्यांना घर दाखवत होत्या: इथे चपला काढायच्या, कचरा असा वेगळा करायचा, न्हाणीघर इथे. मग त्यांना मागच्या दारी घेऊन गेल्या आणि त्या टपटपणाऱ्या डबीकडे बोट दाखवलं.

"हे गळतंय म्हणून बादली ठेवू नका, बंद करू नका," त्या म्हणाल्या. "हा इंदो-सानचा घाम आहे. तो पडत असला की घर ठीक आहे असं समजायचं."